पाच नंबरचा पाय

घरात कुणी आलं की त्याला आधी तिचा पाय दिसायचा, मग ती. तीन उशा, त्यांवर घडी घातलेली जुनी रजई, आणि सगळ्यांच्या वर, मानाच्या पाहुण्यासारखा विराजमान झालेला, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला उजवा पाय. तो छातीपेक्षा उंच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतल्या खोलीत पंखा नव्हता, म्हणून तिला बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपवलेलं, आणि दिवाणाची जागा अशी की दार उघडलं की पाय येणाऱ्याच्या नाकासमोर. पट्टीतून अंगठा डोकावत होता आणि अंगठ्याच्या शेंड्यातून बारीक तार. ती तार बघून शेजारची बाई खुर्चीत बसता बसता उठली होती.

"बसा हो, चावत नाही ती," सासूबाई म्हणाल्या. "अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं, लिंबाएवढं. ते कापून अंगठा सरळ केलाय. आमच्या वेळी पाय चालायला असायचे. आता दुरुस्तीला टाकतात."

ती डोळे मिटून पडून राहायची. पाय दुखतो म्हणून नव्हे. पाय लोकांनी बघितलेला तिला सोसायचा नाही. नवऱ्यानं हाताला धरून न्हाणीघरात न्यायचं, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून स्टुलावर बसवायचं, आणि हिनं टाचेवर तोल सावरत मान खाली घालून बसायचं. इतकी वर्षं जे झाकलं ते आता उशांवर मांडून ठेवल्यासारखं झालं होतं. घरच्यांना वाटायचं, बिचारी लाजते. लाजत होतीच, पण त्यांना वाटत होतं त्या कारणासाठी नाही.

कारखान्यात तिनं सांगितलं होतं, पाय मुरगळलाय.

बायकांचे बूट बनवणारा छोटासा कारखाना होता तो. खाली कटिंग आणि शिलाई, वर पॅकिंग. ती पॅकिंगला. बुटात कागदाचा बोळा कोंबायचा, पातळ कागदात गुंडाळायचं, खोक्यात घालायचं. हे काम कुणीही करू शकलं असतं. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती जी इतर कुणाजवळ नव्हती. तिचा पाय बरोबर पाच नंबरचा होता. लांबीला पाच, रुंदीला पाच, टाच, घोटा, चवडा, सगळं मापात. आणि बुटाचा नवा नमुना नेहमी पाच नंबरातच बनतो. तो बरा बसला की त्यावरून बाकीची मापं निघतात.

त्यामुळे नवा नमुना तयार झाला की खालून हाक यायची, "पाच नंबर!" तिचं नाव तेच पडलं होतं. पगार वाटणारा कारकूनसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा. ती हातातला खोका ठेवून, पाय धुऊन खाली जायची. खाली खिडकीलगत लाकडी फळ्यांची एक लांब पट्टी होती. बूट घालून तिनं त्या पट्टीवरून जायचं, वळायचं, यायचं. तेवढा वेळ शिलाईची यंत्रं थांबायची. मालकीणबाई पदर खोचून उभ्या राहायच्या. आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे.

"टाचेला घासतंय," ती म्हणायची. किंवा, "चवड्यात ठीक, पण करंगळीला जरा जागा हवी."

मग मास्तर, म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कटिंग मास्तर, कानामागची पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर खूण करायचे. बस्स, तेवढंच. तिच्या शब्दावर चामडं कापलं जायचं. घरात तिच्या शब्दावर साधी भाजीसुद्धा ठरत नव्हती.

मग ती गाठ आली. आधी नुसती लाली, मग टणक उंचवटा, मग अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकायला लागला. तिच्या आईचा पाय असाच होता. आईनं आयुष्यभर फाटक्या सपाता घातल्या आणि कधी तक्रार केली नाही. पण आईचा पाय कुणाला मापाला लागत नव्हता.

तिनं मोजे घालायला सुरुवात केली. "फरशी गार लागते," म्हणाली. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. पण मोज्यांनी गाठ झाकली जाते, दुखणं नाही. आता प्रत्येक बूट दाबायला लागला. छान असलेलाही दाबायचा, वाईट असलेलाही. मग ती पट्टीवरून चालताना मनात वजाबाकी करायची. हे दुखतंय ते माझं, हे दुखतंय ते बुटाचं. करंगळीचं दुखणं बुटाच्या खात्यात, अंगठ्याचं आपल्या. काही दिवस जमलं. चवड्याबद्दल बोलणंच तिनं बंद केलं. चवडा कसाही असला तरी "ठीक." मालकीणबाई खूश. पाच नंबर अलीकडे फार कुरकुर करत नाही, म्हणायच्या.

मग तो टोकदार काळा बूट आला. नवा साचा, पुढून निमुळता. मास्तरांनी तो तिच्या हातात द्यायच्या आधी आपल्या अंगठ्यानं चवड्याची बाजू दाबून बघितली आणि भुवया जवळ आणल्या.

"इथं नीट बघ हं," ते म्हणाले. "मला जरा तंग वाटतोय. शंका आहे."

तिनं बूट घातला. पट्टीच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. बुटाचं किती आणि आपलं किती, ते काही केल्या निवडता येईना. अंगठ्याच्या मुळाशी नुसता जाळ. ती वळली, परत आली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"लोण्यासारखा बसलाय," ती म्हणाली.

मास्तरांनी पेन्सिल कानामागे ठेवली. "तू म्हणतेस तर असेल."

माल दुकानांत गेला, आणि पोत्यांनी परत आला. चवड्यात दाबतो, चवड्यात दाबतो. सगळीकडून तेच. मालकीणबाई पट्टीजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर हिशोब मांडला. पाच नंबर म्हणाली, नमुना लोण्यासारखा. म्हणजे नमुना बरोबर. नमुना बरोबर असून माल अरुंद झाला, म्हणजे पुढची कटिंग चुकली. आणि कटिंग कुणाची?

"मास्तर, वय झालं तुमचं. नजर तपासून घ्या," त्या म्हणाल्या. वाईट शब्दांत नाही, अगदी हळू. ते जास्त लागलं.

सुरी खाली ठेवून मास्तरांनी आपले हात डोळ्यांसमोर धरून बघितले, जणू दोष तिथेही सापडेल. त्यानंतर ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. एकटे जायला बिचकत होते, म्हणून तिला म्हणाले, "येतेस का जरा सोबत?" ती गेली. मास्तर भिंतीवरची अक्षरं वाचत होते आणि ती बाकावर त्यांची छत्री मांडीवर घेऊन बसली होती. अक्षरं त्यांनी बहुतेक सगळी वाचली. तरी त्यांनी चष्मा बदलून घेतला. नमुन्याचं टेबल त्यांच्याकडून गेलं आणि जिन्याखाली अस्तर कापायचं काम आलं. अस्तर थोडं इकडं-तिकडं झालं तरी कुणाला दिसत नाही.

ती रोज जिना उतरताना त्यांना वाकलेलं बघायची. चपला हातात घेऊन उतरायची, आवाज होऊ नये म्हणून.

शेवटी पाय बुटात जाईनाच, तेव्हा तिनं ऑपरेशन करून घेतलं. अंगठा सरळ झाला की पाय पुन्हा पाच नंबर होईल आणि झालं गेलं कुणाला कळणारच नाही, असा तिचा हिशोब होता. डॉक्टरांनी तो पहिल्याच दिवशी मोडला. "माप तेच राहील असं धरून चालू नका," ते म्हणाले. "आणि अरुंद बूट तर विसराच."

पाय मुरगळलाय एवढीच बातमी कारखान्यात असताना एका दुपारी दारावर टकटक झाली आणि सासूबाईंनी दार उघडलं. दारात मास्तर. हातात संत्र्यांची पिशवी.

"रेडिओनं पत्ता दिला," ते म्हणाले. रेडिओ म्हणजे पॅकिंगला तिच्या शेजारी बसणारी बाई. सकाळी सुरू झाली की सुटीची घंटा होईपर्यंत बंद व्हायची नाही. "म्हटलं, मुरगळलेला पाय इतके दिवस कसा बरा होत नाही, बघून येऊ."

तिनं पाय उशांवरून ओढून घ्यायचा प्रयत्न केला. एक सणक डोक्यापर्यंत गेली आणि पाय तिथंच राहिला.

"मुरगळलाय कसला!" सासूबाई म्हणाल्या. "हाड कापलंय. तार आहे आत. कधीची गाठ होती, पण बोलेल तर शपथ. मोजे घालून घालून लपवली. मलाच न्हाणीत एकदा दिसली म्हणून कळलं. बसा तुम्ही, मी चहा टाकते."

मास्तर बसले नाहीत. संत्र्यांची पिशवी तशीच हातात धरून ते पायाकडे बघत राहिले. ते पायांकडे नेहमी असेच बघायचे, नजरेनंच माप घेतल्यासारखे. तिनं चादर ओढून घ्यायची म्हटलं तर चादर पायाखालीच अडकलेली.

"कधीची गाठ?" त्यांनी विचारलं.

"झाली असतील काही वर्षं," ती म्हणाली.

मास्तर खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"म्हणजे माझेच बूट," ते म्हणाले. "इतकी वर्षं तू माझ्याच हातचे नमुने घालत आलीस. माझी नजर तेव्हापासूनच गेली असणार, आणि मला पत्ता नाही. तुझा पाय मी मोडला, पोरी."

"नाही हो मास्तर..."

"नाही कसं? तुला दाबत होतं. दाबत असतानाही तू छान म्हणालीस. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं, म्हणून. मला काय कळत नाही?" "त्या काळ्या बुटालासुद्धा लोण्यासारखा म्हणालीस. कुणी केलं असतं इतकं?"

खरी गोष्ट त्यांच्यापासून एका पायरीवर होती. तेवढी एक पायरी ते चढले असते तर त्यांना सगळं दिसलं असतं. ते चढले नाहीत, कारण त्यांना ती भली बाई वाटत होती.

तिनं तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज आला. तिनं तोंड मिटलं.

"उद्या मालकीणबाईंना सांगून टाकतो," मास्तर उठत म्हणाले. "अस्तरसुद्धा नको आता. ज्या हातांनी असं झालं त्या हातात सुरी धरायचीच कशाला? दुपारच्या सुटीत सामान उचलतो." जाता जाता ते दिवाणाच्या पायथ्याशी थांबले. पायावर हात ठेवावा म्हणून हात पुढे केला आणि दुखेल म्हणून मागे घेतला. "संत्री गोड आहेत. खा."

चहा तसाच राहिला. सासूबाईंनी त्यांचा कप स्वतः प्यायला घेतला. "किती सज्जन माणूस!" म्हणाल्या. "आणि तू? मूग गिळून गप्प. माणसानं दोन शब्द बोलावेत की नाही?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी टाके काढायचे होते. नवऱ्यानं सुटी काढली होती. डॉक्टरांनी टाके काढले, जखम बरी आहे म्हणाले, तार अजून राहू द्या म्हणाले. जाड लाकडी तळाचा, पट्ट्यांनी बांधायचा हॉस्पिटलनं दिलेला बूट चढवून ती टाचेवर चालत बाहेर आली. त्या बुटाएवढा बेढब बूट कारखान्यात कुणी करूच शकलं नसतं. पण किती वर्षांनी एक बूट तिला कुठेही दाबत नव्हता.

रिक्षा चौकात आली तशी ती म्हणाली, "डावीकडे घ्या."

"घर उजवीकडे," नवरा म्हणाला.

"माहीत आहे. कारखान्यात जायचंय."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कारण रिक्षा फार खडखडत होती. नवऱ्यानं ऐकून घेतलं. तो स्वभावानं गरीब. कुणाचं वाईट चिंतायचा नाही, आणि आपलंही होऊ द्यायचा नाही.

"आता बोलून काय उपयोग?" तो म्हणाला. "त्यांचं वय झालंयच. तुझी मात्र नोकरी जायची. त्यांना वाईट वाटतंय, तुला वाईट वाटतंय, झाली की फिटंफाट."

"ते दुपारी सामान उचलणार आहेत."

"अगं, पण..."

"तू रिक्षातच बस."

तो बसला नाही. तिचा हात धरून आत आला, पण दारापाशी थांबला.

जिन्याखाली मास्तर आपली जुनी सुरी फडक्यात गुंडाळत होते. मालकीणबाई बाजूलाच उभ्या होत्या, त्यांना काहीतरी समजावत. ठक, ठक, असा लाकडी तळाचा आवाज ऐकून एकेक यंत्र थांबलं. ती सवयीनं पट्टीवरच चढली होती. पट्टीच्या टोकाला स्टूल होतं तिथं ती बसली.

"अगं, मुरगळलाय ना पाय? आणि हे काय, तार?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मुरगळला नव्हता. गाठ होती. मोज्यात लपवत होते." तिचा आवाज इतका बारीक निघाला की मागची माणसं पुढे आली. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. "मला कुठलाच बूट नीट कळत नव्हता. अंदाजानं सांगत होते. काळ्या बुटाचा नमुनाच अरुंद होता. मास्तरांनी आधीच ओळखलं होतं, मला नीट बघ म्हणाले होते. मी लोण्यासारखा म्हटलं. त्यांची नजर गेली नव्हती. माझा पाय गेला होता."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. बहुतेक घाबरून.

"म्हणजे इतके दिवस," मालकीणबाई सावकाश म्हणाल्या, "आम्ही तुझ्या तोंडाकडे बघून माल कापत होतो, आणि तू आम्हाला थापा मारत होतीस."

"हो."

"आणि का? कशासाठी?"

उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. खालून हाक यायची आणि यंत्रं थांबायची, म्हणून.

मास्तर फडक्यातली सुरी हातात घेऊन तिच्यासमोर आले. तिला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे पोरी. रात्रभर तिनं मनात जे घोळवलं होतं त्याचा शेवट तसाच होता.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे तू आली होतीस माझ्याबरोबर," मास्तर म्हणाले.

"हो."

"छत्री धरून बसली होतीस."

"हो, मास्तर."

"मी अक्षरं वाचत होतो आणि तू ऐकत होतीस." "मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, सोबतीला पोर फार चांगली होती. सुई ओवताना दोरा चुकायचा माझा. डोळ्यांमुळे नव्हे. भीतीनं. आपल्याला दिसत नाहीये या भीतीनं."

त्यांनी नवा चष्मा काढून खिशात टाकला आणि नमुन्याच्या टेबलाकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. मालकीणबाईंनी त्यांना वाट करून दिली.

नवरा पुढे आला. तिला उठवताना त्यानं हळूच म्हटलं, "मी सांगत होतो." ती ठक ठक करत बाहेर पडली. येताना यंत्रं तिच्यासाठी थांबली होती. ती दारातून बाहेर पडायच्या आतच पुन्हा सुरू झाली.

नोकरी गेली नाही. मालकीणबाईंनी निरोप पाठवला, पाय बरा झाला की पॅकिंगला ये, पट्टीवर पाऊल टाकायचं नाही. तार निघाली, सूज ओसरली. संध्याकाळी पाय अजून जड व्हायचा, मग ती हातानं अंगठा वर-खाली वाकवत बसायची, डॉक्टरांनी शिकवल्यासारखा. सासूबाई पाहुण्यांना आता ऑपरेशनऐवजी व्यायाम दाखवायच्या. रुंद, मऊ चपला घालून ती कामावर गेली तेव्हा कुणी टोमणा मारला नाही. तेच जास्त टोचायचं. रेडिओसुद्धा तिच्या शेजारी बसून हवापाण्याच्या गप्पा मारायची, पायांचा विषय टाळून. टाळताना अडखळायची.

मास्तर जिन्यावर भेटले की बाजूला होऊन तिला जागा द्यायचे. कारखान्यात येणाऱ्या अनोळखी माणसाला देतात तशी.

मग एका सकाळी खालून हाक आली, "पाच नंबर!"

तिनं हातातला खोका ठेवला आणि उठली. उठल्यावर तिला दिसलं की शेजारची रेडिओही उठली आहे, आणि तिच्या गालांवर लाली आली आहे.

"मला बोलावतात आता," रेडिओ पुटपुटली. "मापात बसला माझा पाय. तुला सांगणारच होते."

"जा ना. वाट बघत असतील."

ती पुन्हा खाली बसली. कागदाचा बोळा बुटात कोंबला. तो जास्त झाला, काढून पुन्हा कोंबला. खाली यंत्रं थांबली. पट्टीवरची पावलं ऐकू आली, तिकडे, वळण, इकडे. मग जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि दारात मास्तर उभे राहिले. ते वर कधीच यायचे नाहीत. गुडघे दुखायचे त्यांचे.

पॅकिंगच्या सगळ्या बायकांचे हात थांबले.

"ती छान म्हणते," मास्तर म्हणाले. बोलले तिच्याशी, पण बघत होते खोक्यांच्या थप्पीकडे. "मला करंगळीपाशी शंका आहे. तू खाली ये आणि तिला चालताना बघ."

"मी? मला पट्टीवर यायला..."

"पट्टीवर नको येऊस. बाजूला उभी राहा." ते थांबले. "दाबत असताना छान कसं म्हणतात, ते तुझ्याएवढं इथं कुणाला ठाऊक आहे?"

कानांच्या पाळ्या तापल्या तिच्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. ते खोटं असतं तर तिनं काही उत्तर दिलं असतं. ती उठली आणि मास्तरांच्या मागून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरली.

खाली मालकीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. ती भिंतीशी उभी राहिली. मोज्यांवर तपकिरी नवा बूट घालून रेडिओ पट्टीवर निघाली. तिकडे गेली, वळली, आली. हसरा चेहरा, ताठ मान.

चाल ठीक होती. पण रेडिओ सबंध पट्टीभर एक अक्षर बोलली नव्हती.

"मस्त आहे," रेडिओ म्हणाली. "अगदी मापात."

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. रेडिओचीही, आणि तिच्या डोळ्यांत एक विनवणी होती. ती विनवणी तिला इतकी ओळखीची होती की तिनं क्षणभर मान खाली घातली. आपला रुंद चपलेतला पाय दिसला. अंगठ्याच्या मुळाशी लांब गुलाबी वण.

"तिला मोजे काढायला सांगा," ती म्हणाली.